रकाना : इतर

फुलेवाडी नाक्यावर सकाळी सहाला खुर्ची मांडली.
खुर्ची चहावाल्याची, छत्री माझी,
कागद सर्व्हेवाल्या कंपनीचा.
दिवसाला सहाशे रुपये, डबा आपला.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
शाळेत असेच मोजायचो चिंचोके.

साळोखे साहेबांनी आदल्या दिवशी समजावलं होतं :
रस्त्याला माणूस कळत नाही, मोटार कळते.
म्हणून सगळ्याची मोटार करायची.
दुचाकी म्हणजे अर्धी.
बस म्हणजे तीन.
उसाची ट्रॉली साडेचार, बैलगाडी आठ.
"आणि चालत जाणारा, सर?"
साहेबांनी पेनाला टोपण लावलं.
"तो काय रस्ता अडवतोय?"

आठ वाजले, आणि बालिंग्याकडून, कोपार्ड्याकडून,
पार कळ्याकडून पोरं सुटली
गोकुळ शिरगावच्या पाळीला.
अर्धी, अर्धी, अर्धी, अर्धी.
माझा हात पुरेना.
मग वडापवाला दिनकर आला,
नऊच्या जीपमध्ये चौदा, एक मागं लोंबकळत,
त्याच्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी.
कागदावर : एक.
त्याच्या मागं पांढरी गाडी, काचा वर, आत एकटा माणूस.
कागदावर : एक.

बाबांच्या लहानपणी आमच्या गल्लीत सायकल एकच यायची,
तीही भाड्याची, तासावर.
परत केली की दुकानदार चेन ओढून बघायचा,
घंटीला कान लावायचा.
गल्लीत घरं आजही तेवढीच आहेत,
पण घरावर दोन मजले, दर मजल्याच्या दोन गाड्या,
आणि गाड्यांना जागा हवी म्हणून
चपला जिन्यात.

विजेची बस आली परवा.
आवाजच नाही. सगळे म्हणाले, वा.
थांब्यावरचे दत्तू आण्णा, मोतीबिंदूवाले,
बस कानानं ओळखायचे :
ही गंगावेशीची, ही कळ्याची, हिचं गिअर खरखरतंय.
तीन बस गेल्या त्यांच्या पुढ्यातून.
आण्णा आपले वाट बघत उभे.
मी ओरडलो, म्हणजे ओरडले,
(कंपनीच्या फॉर्मवर मी स्त्री आहे,
नाक्यावर "आलो, गेलो" बोलणारी कोल्हापूरची पोरगी),
पण तोवर दार मिटलं होतं.

हा कागद मुंबईला जाणार.
तिथं कुणीतरी बेरजेला टक्के लावून
वीस वर्षं पुढं ढकलणार,
आणि राज्याला पूल किती लागतील ते ठरवणार.
मी त्या कागदाच्या पाठीवर
पायी जाणाऱ्यांच्या रेघा मारत होते.
कुणी सांगितलं नव्हतं.
दुपारपर्यंत पाठ भरली.

चौथ्या दिवशी खांबावर कॅमेरा चढला.
तो जेवत नाही, ऊन लागलं म्हणत नाही,
रात्रीही मोजतो.
मला ठेवलं दोन दिवस, त्याचं चुकतं का बघायला.
फारसं चुकत नव्हता. छत्रीवाल्या बाईला
एकदा तीनचाकी म्हणाला, तेवढंच.

संध्याकाळी पावणेपाचला मैनाबाई गवळी निघाल्या,
बावीस म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्याला,
गिऱ्हाइकासमोर धार काढायला.
काठी आडवी धरली, मागं बघितलंसुद्धा नाही.
इकडं ट्रॉल्या थांबल्या, तिकडं बस.
दिनकरनं इंजिन बंद करून तंबाखू मळली.
पिशवीवाला खाली उतरला.
दत्तू आण्णा थांबलेल्या बसपाशी चाचपत गेले,
पत्र्यावर थाप मारली, आणि चढले.

साहेबांचा फोन :
"अगं, आकडे येईनात. सहा मिनिटं नुसतं शून्य.
कॅमेरा बंद पडला काय?"

"न्हाई सर, चालू हाय.
म्हशी चालल्यात."

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही.
मग साहेब म्हणाले, "किती?"